अणुइंजिनाची भिंत किती जाड असावी

सुमनताई आमच्या गंगापूर रोडच्या कॉलनीच्या दिवाळी अंकाच्या संपादक. गेली तीन वर्षं त्या माझ्याकडे ‘नोकरीतले अनुभव’ मागत होत्या आणि मी देत नव्हते. मी बत्तीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात बॉयलरचे नकाशे काढले, आणि बॉयलरची पंचाईत अशी की तो नीट काढलेला असला तर त्याचं काहीही होत नाही. माझे सगळे नीट होते. त्यावर चार ओळींच्या वर मजकूर निघत नाही.

यंदा मात्र मी लगेच हो म्हटलं. “पण बॉयलरवर नाही लिहिणार,” मी सांगितलं. “हल्ली मी अणुऊर्जेवर चालणारी रॉकेटची इंजिनं बनवते. त्यावर लिहीन.”

सुमनताईंनी चहाचा कप खाली ठेवला. “घरीच?”

“हो. मागच्या खोलीत.”

त्यांनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. “वास वगैरे येत नाही ना?”

मग त्यांना कॉम्प्युटर दाखवावा लागला. ओजस, रेवा, नातवंडांनो, तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे, कारण मला यात ओढलंत तुम्हीच. पण तुम्हाला ठाऊक आहे ती पर्थच्या बाजूची हकिगत. नाशिकच्या बाजूला काय काय घडलं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. बाबाकडून वाचून घ्या. त्याला एखादा शब्द अडला तर मला फोन करायला सांगा, त्या निमित्ताने तरी करेल.

बाकीच्या वाचकांसाठी थोडी माहिती देते. हा अंतराळातल्या लढाईचा खेळ आहे, पण त्यात जादू नाही. खरे धातू, त्यांचे खरे वितळबिंदू, खरं गुरुत्वाकर्षण. जहाज तुम्हीच बनवायचं, स्क्रूपासून. चुकलात तर खेळ तुम्हाला रागावत नाही, नुसता तुमचं जहाज वितळवून दाखवतो. ओजस एकदा फोनवर असाच वितळत होता. मी पडद्याकडे बघून म्हटलं, “अरे, भट्टी सुरू करायच्या आधी पंप सुरू कर. कोरड्या बंबाखाली जाळ घालतात का?” त्याने पंप आधी सुरू केला, आणि त्याचं इंजिन जन्मात पहिल्यांदा चाललं. दुसऱ्या दिवशी बाबाने पर्थहूनच माझ्या कॉम्प्युटरवर तो खेळ घालून दिला. माझं तिथलं नाव ‘बंबआजी’ पडलं.

बंब तुम्ही पाहिलेला नाहीत. तांब्याचं उभं पिंप, मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. एका बाजूने गार पाणी ओतायचं, दुसऱ्या बाजूने कढत पाणी बादलीत. अणुइंजिन म्हणजे तेच. निखाऱ्यांच्या जागी अणुभट्टी, पाण्याच्या जागी वायू. गार वायू भट्टीच्या बारीक भोकांतून ढकलायचा. तो तापतो, फुगतो आणि मागच्या तोंडातून जोरात सुटतो. बादली भरण्याऐवजी जहाज पुढे जातं. जितकं तापवाल तितका जोर जास्त, फक्त भट्टी वितळण्याच्या आधी थांबायचं. आमच्या धंद्याची सगळी कला त्या ‘आधी’मध्ये आहे.

वायू कोणता घ्यायचा हा पुढचा प्रश्न. हायड्रोजन हा कुरमुऱ्यांसारखा. हलका, सुटसुटीत, सगळ्यांत वेगाने बाहेर पडणारा, पण किलोभर घ्यायचा म्हटलं तर पोतं लागतं. मिथेन शेंगदाण्यांसारखा. वेग कमी, पण डब्यात मावतो. आपली भेळ कोणाला खायची आहे आणि किती लांब न्यायची आहे, त्यावर ठरवायचं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, हे लक्षात ठेवा कारण पुढे लागणार आहे. अंतराळात घर्षण नाही. एकदा वेग घेतला की तो तसाच राहतो. थांबायचं असेल तर जहाज उलटं फिरवून इंजिन पुन्हा तितकाच वेळ चालवायचं. म्हणजे निघायला जितका खर्च तितकाच थांबायला. एका टाकीत एकूण किती वेग बदलता येईल याचा एक आकडा असतो, त्याला मी ‘ऐपत’ म्हणते. जहाज जड झालं की ऐपत उतरते.

माझं पहिलं इंजिन ‘एन-१’. मी आधी कागदावर पेन्सिलीने काढलं, कोपऱ्यात चौकट आखली: रेखाटन, तपासणी, मंजुरी. रेखाटन मी, मंजुरी मी. तपासणीला तुमचे आजोबा. ते मराठीचे शिक्षक होते. आजवर माझ्या चौसष्ट इंजिनांत त्यांनी तांत्रिक चूक एकही काढलेली नाही, ‘उष्णता’ मात्र मी अकरा वेळा चुकीचं लिहिलं आहे असं त्यांचं म्हणणं आहे.

एन-१ची भिंत मी चाळीस मिलिमीटर धरली.

“आजी, हे इंजिन आहे की किल्ला?” ओजसने विचारलं.

“सुरक्षित आहे,” मी म्हटलं.

आम्ही चाचणी घेतली. जहाज निघालं. म्हणजे निघालं असावं. रेवा दात घासून आली, दूध पिऊन आली, गणवेश घालून आली, तरी जहाज तिथेच दिसत होतं. “आजी, हे अजून निघायचंय की जाऊन परत आलंय?” तिने विचारलं. मी रजिस्टरात लिहिलं: ‘इंजिन उत्तम. जहाज जात नाही.’

हा दोष माझा एकटीचा नाही, आमच्या धंद्याचा आहे. बॉयलरमध्ये लोखंड जेवढं सोसायला हवं त्याच्या साडेतीन-चार पट सोसेल एवढं आम्ही धरतो. वर चाचणी दीडपट दाबाने. ती झाल्याशिवाय मी कधी सही केली नाही. कारखान्यात एकदा विमानाच्या क्षेत्रातला एक इंजिनिअर कशासाठी तरी आला होता. चहा पिताना मी सहज विचारलं, “तुमच्याकडे किती पट धरता हो?”

“दीडपट,” तो म्हणाला.

“चाचणीला?”

“नाही, एकूण. त्याहून जास्त धरलं तर विमान उडणारच नाही.” आणि बिस्किट बुडवून खाल्लं.

तेव्हापासून मी विमानात बसलेले नाही. त्याआधीही बसले नव्हते, पण त्याआधी माझ्याकडे कारण नव्हतं.

तुमच्या आजोबांचं याउलट. त्यांचा पासपोर्ट कधीपासून तयार आहे. विमानात मानेखाली घ्यायची ती अर्धगोल उशीसुद्धा त्यांनी आणून ठेवली आहे, आणि विमान मिळत नाही म्हणून ते ती घालून टीव्ही बघतात.

मार्चमधल्या एका रविवारी फोनवर रेवाने विचारलं, “आजी, तू आमच्याकडे कधी येणार?”

“बघू,” मी म्हटलं.

“ही ‘बघू’ म्हणाली की ‘नाही’ समजायचं,” आजोबा उशीतून म्हणाले.

चार वर्षं तुम्हाला मी फक्त पडद्यावर बघत होते. रेवाची उंची मी तिच्यामागच्या कपाटाच्या कडीवरून मोजत असे. तेव्हा ओजस म्हणाला, “लढाई करू. तीन जहाजं आमची, तीन तुझी. तू जिंकलीस तर डिसेंबरात आम्ही नाशिकला. आम्ही जिंकलो तर दिवाळीला तू इथे. विमानाने.”

“आणि बरोबरी झाली तर?” बाबाने विचारलं. त्याच्या डोळ्यांपुढे रजेचा अर्ज होता.

“तर कुणीच कुठे जायचं नाही.”

मी हो म्हटलं. मी हरणार नाही याची मला खात्री होती. विमानात न बसण्यासाठी माणूस काय काय शिकू शकतो, याची तुम्हाला कल्पना नाही.

तीन जहाजं म्हणजे तीन कप्तान. एक मी, उरलेले दोन माझ्या गिऱ्हाइकांतून निवडले. हो, तोवर माझ्याकडे गिऱ्हाइकं यायला लागली होती. त्या खेळात लोक एकमेकांकडून इंजिनं मागून नेतात, आणि माझी इंजिनं कधी फुटत नाहीत अशी माझी ख्याती झाली होती. सुरुवातीला मी सगळ्यांना शाळेत मडमांनी शिकवल्याप्रमाणे उत्तरं द्यायची. एका परदेशी मुलाने लढाई चालू असताना घाईने विचारलं, पंप बंद पडलाय, काय करू? मी लिहायला घेतलं: ‘डिअर सर, विथ रेफरन्स टु युअर मेसेज…’ पत्र ‘युअर्स फेथफुली’पर्यंत पोचलं तेव्हा सर राहिले नव्हते.

पहिला कप्तान सायखेड्याचा संपत. झेंडूची शेती आणि बाजारपेठेत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान. दुकानात गर्दी नसली की तो अंतराळात. त्याला मी इंजिन दिलं आणि तासाभरात तक्रार आली.

“आजी, इंजिन लय भारी हाय. पण आवाजच नाय.”

“संपत, तिथे हवा नाही. आवाज येत नसतो.”

“आवाज नाय तर चालू हाय हे कळायचं कसं?”

“आकडे असतात ना समोर.”

“आकडे मला दिसत्यात. शेजारच्याला कसं कळणार, नवीन इंजिन घेतलं म्हून? माझा ट्रॅक्टर चालू झाला का पार नदीपलीकडं चांदोरीला कळतं!”

बत्तीस वर्षांत बॉयलरचा आवाज कमी करा म्हणणारे खूप भेटले, वाढवा म्हणणारा हा पहिला. शेवटी मी त्याच्या भट्टीचं तापमान थोडं चढवून दिलं, म्हणजे मागचा झोत जास्त लखलखीत दिसतो. हजार किलोमीटरवरून दिसेल म्हटल्यावर तो खूश झाला. “मंग चालंल.” लढाईत शत्रूला हजार किलोमीटरवरून दिसणं चांगलं नसतं, हे मी त्याला समजावलं. तो म्हणाला, “दिसू द्या की. आपण काय चोरी करतोय का?”

दुसरे कप्तान नामपूरचे भिला आप्पा. कांद्याचे व्यापारी, साठीचे, भाच्याच्या कॉम्प्युटरवर खेळतात. दुपारी लिलाव आटोपला की तोंड धुऊन थेट शनीच्या कक्षेत. मला ताई म्हणतात. त्यांची भाषा अर्धी अहिराणी, पण मला कळते, कारण बोलताना ते हातवारे इतके करतात की कॅमेरा हलतो.

त्यांच्या जहाजाची गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, कारण त्यात चूक माझी होती. इंजिनाची उष्णता वायूबरोबर निघून जाते, पण जहाजावर तोफांना वीज पुरवायला एक वेगळी छोटी भट्टी असते. तिची उष्णता जाणार कुठे? बाहेर वारा नाही. मग मोठमोठे पत्रे बाहेर काढायचे, ते लाल होईपर्यंत तापतात आणि उष्णता नुसती अंधारात फेकतात. मी त्यांना पत्र्यांचा नकाशा दिला. आप्पांनी तो पाहिला आणि त्यांच्या मनाला पटला नाही. त्यांनी पत्रे आपल्या पद्धतीने लावले: दोन लांब ओळी, समोरासमोर, मध्ये चांगली मोकळी जागा. शेजारी त्यांच्या कांदे साठवायच्या चाळीचा फोटोही पाठवला. हुबेहूब.

“आप्पा, मधली जागा कशासाठी?”

“वारा लागाले जोयजे ना ताई. वारा नही लागना ते कांदा सडी जाई.”

“आप्पा, तिथे वारा नाही.”

“वारा नही? मंग कांदा टिकी कशा?”

“कांदा नाही हो, अणुभट्टी आहे.”

“तीच गोट शे. गरम व्हयनं का सडनंच.”

मी म्हटलं बघू या. समोरासमोरच्या दोन शेकोट्या एकमेकींना जे करतात तेच झालं. या ओळीने त्या ओळीवर उष्णता फेकली, त्या ओळीने या ओळीवर. दहा मिनिटांत आप्पांचा आवाज आला, अगदी शांत: “ताई, जहाज पघळी गय.”

आमच्या कारखान्यात एक नियम होता: नकाशावर जे लिहिलेलं नाही त्याबद्दल फिटरला बोल लावायचा नाही. मी माझा नकाशा काढून पाहिला. ‘पत्रे समोरासमोर लावू नयेत’ असं कुठेच लिहिलं नव्हतं. कारखान्यात असते तर मला सगळ्यांसमोर उभं केलं असतं. मी टीप लिहिली, पत्रे एका ओळीत पंखांसारखे पसरले आणि आप्पांची माफी मागितली. ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या ताई. पहिला वर्सनी चाळ माले बी जमनी नही व्हती.”

असा आमचा ताफा तयार होत गेला. आणि मी हळूहळू भिंती पातळ करायला शिकले. चाळीसच्या वीस केल्या, वीसच्या बारा. प्रत्येक मिलिमीटर काढताना दात काढून घेतल्यासारखं वाटायचं. पण खेळ खोटं बोलत नाही. बाराचीही चाचणी पास, आठचीही पास. शेवटी इंजिन आणि टाक्या, सगळ्याच्या भिंती चार मिलिमीटरवर आल्या. दीडपट दाबाने चाचणी घेतली. पास. जहाजाची ऐपत एवढी वाढली की जाऊन, थांबून, लढून परत येता येईल. आजोबांनी तपासणीची सही केली (या वेळी ‘उष्णता’ बरोबर होतं), मी मंजुरीची केली. शनिवारी सकाळी नकाशा बंद. रविवारी सकाळी नऊला लढाई.

आणि शनिवारी दुपारी तुमच्या आजोबांनी माळ्यावरून मोठी बॅग खाली काढली.

“हे काय?” मी विचारलं.

“काही नाही, धूळ पुसतोय.”

“मी हरणार नाहीये.”

“मी कुठे काय म्हटलं? बॅग आहे, पुसतोय.”

ते पुसत राहिले. बॅगेची चाकं फिरवून बघितली. कुलूप उघडून लावून बघितलं. तो ‘खट’ आवाज ऐकला मात्र, मी मागच्या खोलीत गेले, नकाशा पुढे ओढला. चार मिलिमीटर. चार मिलिमीटर म्हणजे किती, तर माझ्या चष्म्याची काडी. तेवढ्याच्या आत हायड्रोजन, त्याच्या आत भट्टी, आणि बाहेर काहीच नाही. मला वाटलं, थोडं जाड असू दे. मी चार खोडून नऊ केलं. सुधारणा क्रमांक एक. तिन्ही जहाजांवर.

सही झालेल्या नकाशाला हात लावला तर तो पुन्हा तपासणीला गेला पाहिजे. हा नियम मी स्वतः नव्या मुलींना शिकवायची. खेळ ऐपतीचा आकडा दुसऱ्या पानावर दाखवतो. ते पान मी उघडलं नाही. का उघडलं नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा त्यावर काय असेल ते मला माहीत होतं.

रविवारी आम्ही निघालो. संपतचा झोत असा लखलखत होता की आजोबांनीसुद्धा उशी काढून बघितलं. आप्पांचे पत्रे लाल, शिस्तीत. तुमची तीन जहाजं समोर, बारीक ठिपके. मी हुकूम दिला: उलटे फिरा, इंजिन सुरू, थांबा.

वेग निम्मा झाला. आणि टाक्या रिकाम्या.

“आजी,” संपतने विचारलं, “ब्रेक लागंना. काय दाबू?”

“काही दाबू नकोस.”

“ताई,” आप्पा म्हणाले, “हाई गाडी थांबी कोठे?”

मी हिशोब केला. “आप्पा, कुठेच नाही.”

“मंग खाली कशे उतरतस?”

तुमचे ठिपके मोठे होत होत जहाजं झाले. तुम्ही तोफा चालवल्यात. एक गोष्ट मान्य करा, मुलांनो: तुमचा एकही गोळा माझ्या नऊ मिलिमीटरमधून आत शिरला नाही. सगळे टकाटक आपटले आणि उडून गेले. आमच्याकडे तोफा होत्या, पण इतक्या वेगाने जाताना नेम धरणार कसा? आम्ही तुमच्या समोरून गेलो, अगदी सुरक्षित, अंगावर नावापुरते पोचे, एका ओळीत, गणपतीच्या मिरवणुकीसारखे.

“आजी, कुठे चाललीस?” ओजस हसता हसता कसाबसा म्हणाला.

“माहीत नाही,” मी म्हटलं. खरं तेच होतं.

“बाय आजी!” रेवाने हात हलवला. आप्पांना वाटलं तो रिवाज आहे, त्यांनीही उलट हलवला.

मैदान सोडून जो परत येऊ शकत नाही तो हरला, असा नियम. आमची तिन्ही जहाजं अजूनही चाललीच आहेत. मी मधूनमधून उघडून बघते. उत्तम स्थितीत आहेत.

संपत म्हणाला, “हरलो ते हरलो, पण जाताना काय दिसत होतो आजी!” आप्पा म्हणाले, “ताई, तठे जाशात ते त्या लोके कांदा कसा ठेवतस ते देखी या.” आजोबांनी फक्त बॅग माळ्यावर परत ठेवली नाही. मी त्यांना विचारलं, “तुम्ही मुद्दाम काढलीत ना ती?” ते म्हणाले, “मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघतो.”

सोमवारी दुपारी रेवाचा फोन आला. एकटीचा, दप्तर अजून पाठीवर. ओजस, हे तुला माहीत नाही.

“आजी, तुला खूप भीती वाटते का विमानाची?”

“थोडी.”

“मग आपण बरोबरी म्हणू या. तुमचं एकही जहाज फुटलं नाही ना? दादाला मी समजावते. तो ऐकेल. मी त्याला माझा टर्न देईन.”

हो म्हणायला माझी जीभ उचललीच होती. समोर रजिस्टर उघडं होतं. एन-६४, सुधारणा एक. ‘निकाल’चा रकाना रिकामा. या रकान्यात मी आयुष्यभर दोनच शब्द लिहिले आहेत, पास किंवा नापास. मोठमोठ्या साहेबांनी तिसरा शब्द लिहायला सांगून पाहिलं होतं. ‘बहुतेक पास.’ ‘तूर्तास पास.’ मी लिहिला नव्हता. आणि बरोबरी म्हणजे कुणीच कुठे जायचं नाही. कपाटाच्या कडीवरून उंची मोजायचं आणखी एक वर्ष.

“रेवा,” मी म्हटलं, “जे जहाज थांबत नाही ते नापास.”

तिला हिशोब करायला वेळ लागतो, पण चुकत नाही. “नापास म्हणजे… तू येणार?”

“नापास म्हणजे येणार.”

ती जी ओरडली, त्याने पुढच्या खोलीत आजोबांची झोप मोडली.

त्या संध्याकाळी मी एक काम केलं. सुधारणा खोडली, भिंती पुन्हा चारवर आणल्या आणि तीच चाल पुन्हा खेळून बघितली. जहाजं गेली, उलटी फिरली आणि तुमच्या ठिपक्यांसमोर जिथे थांबायची तिथे थांबली. टाकीत वायू उरला होता. चार मिलिमीटरने धरलं. दीडपट पुरलं. तो बिस्किटवाला इंजिनिअर बरोबर होता, आणि मी एवढी वर्षं त्याच्यावर रागावले होते.

पण हे झालं खेळात. म्हणून तिकीट काढताना मी एजंटला विचारलं, पंखाच्या जवळची खिडकी मिळेल का, जिथून इंजिन दिसतं.

“मिळेल की,” तो म्हणाला. “पण आजी, तिथे आवाज फार येतो.”

“येऊ दे,” मी म्हटलं. “आवाज आला नाही तर चालू आहे हे कळायचं कसं?”